रोज्यातला सपाट फेरा

पुण्याच्या हौशी सायकलस्वाराचा रविवार चढाने सुरू होतो. कुणी खडकवासल्यावरून सिंहगडाची वाट धरतो, कुणी कात्रजचा घाट गाठतो, आणि अंगात बळ जास्तच असेल तर वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाऊन येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर सिंहगडाचा माथा १३०० मीटरच्या आसपास. मधली उंची मांड्यांनी मोजायची आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, ताक असा बेत करायचा, ही पुणेकर सायकलवाल्यांची जुनी रीत आहे.

रमजानचा चंद्र दिसला की रोजेदार सायकलस्वाराचे हे गणित बदलते. पहाटेच्या सहेरीनंतर सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. सकाळी सातला घाटात घाम गाळला, तर पुढचे दहा-अकरा तास कोरड्या घशाने काढावे लागतात. मग महिनाभर सायकल जिन्याखाली उभी करून ठेवायची का? तशी गरज नाही. घाट सोडून द्यावा आणि शहरातला सपाट फेरा धरावा. सदाशिव पेठेतून निघून गंज पेठ, मोमीनपुरा करत लक्ष्मी रस्त्याने परत येणारी वाट जेमतेम सहा-सात किलोमीटरची आहे. सगळा रस्ता पक्का आहे आणि नाव घेण्याजोगा चढ कुठेही नाही. सावकाश गेले तरी पाऊण तासात फेरा पुरा होतो.

वेळ कोणती?

इस्लामी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१८ आणि २०१९ साली तो ऐन मे महिन्यात होता. तेव्हा पुण्यात रोजा चौदा तासांहून मोठा होता, वर उन्हाचा तडाखा. अलीकडची दोन-तीन वर्षे तो फाल्गुनाच्या आगेमागे येतो. रोजा सुमारे तेरा तासांचा आणि पहाटेची हवा अजून गार.

सायकलसाठी तीन वेळा निघतात. पहिली फजरच्या नमाजानंतरची. सहेरीचे पाणी अजून पोटात असते, ऊन नसते आणि रस्ते मोकळे असतात. दुसरी इफ्तारच्या आधीच्या तासातली. शरीराच्या हिशेबाने ही सोयीची, कारण तहान लागली तरी पाणी जवळ आलेले असते. पण पुण्याच्या रस्त्यांच्या हिशेबाने हीच वेळ सर्वांत वाईट. कचेऱ्या सुटलेल्या असतात, बाजार भरलेला असतो आणि जो तो घाईत असतो. तिसरी वेळ तरावीहनंतरची, म्हणजे रात्री दहानंतरची. तेव्हा पोट हलके झालेले असते, पण झोप मोडते आणि पहाटे पुन्हा सहेरीला उठायचे असते.

सगळ्यांचा मेळ घातला तर पहिली वेळ बरी. अट एकच, घाम येईल इतक्या वेगाने जायचे नाही. शेजारच्याशी न धापता बोलता येईल, तो वेग योग्य. चक्कर आली, छातीत धडधडले, तर तिथेच उतरावे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा पुढे भरून काढण्याची सवलत कुरआनातच दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. रोजा शक्ती जपून वापरायला शिकवतो, ती पणाला लावायला सांगत नाही.

पेठेतून निघताना

सदाशिव पेठ आणि रोजा हे शब्द एका वाक्यात आले की काहींच्या भुवया उंचावतात. पण या पेठेतल्या वाड्यांच्या जागी झालेल्या इमारतींत आज राज्यभरातून आलेली मुले कॉट बेसिसवर राहतात. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, अभ्यासिकेत दिवस काढतात. त्यांत बीड, परभणी, नांदेडकडची मुसलमान मुलेही असतात. मेस पहाटे साडेचारला उघडत नाही. मग रात्रीच्या डब्यातल्या राखून ठेवलेल्या दोन पोळ्या, केळी, खजूर आणि पेलाभर दूध अशी त्यांची सहेरी होते. खोलीतला दुसरा मुलगा रोजा धरत नसला तरी गजराने उठतोच आणि उठलोच आहोत तर म्हणून पुस्तक उघडतो. पेठेत रोजा असा राहतो, फारसा गाजावाजा न करता.

पेठेच्या नावातही एक आठवण आहे. ही पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची. भाऊसाहेब १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. त्या दिवशी त्यांच्या बाजूने तोफा आणि कवायती पायदळ घेऊन लढत होता तो इब्राहिमखान गारदी. तोही त्याच लढाईत पकडला जाऊन मारला गेला. पेठेतल्या खुन्या मुरलीधराच्या देवळाचे नावही चकमकीतून आले. १७९७ साली देवाच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी गद्रे सावकारांच्या पदरचे अरब रखवालदार आणि इंग्रजांचे शिपाई यांच्यात रक्त सांडले, असे सांगतात. मुरलीधराच्या दारात पहारा अरबांचा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सरदार मेहेंदळ्यांच्या साथीने १९१० साली ते सुरू केले. मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर फार्सी कागद वाचता आले पाहिजेत, हे या मंडळाने ओळखले होते. ग. ह. खरे यांनी इथे बसून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’चे खंड संपादित केले. सदाशिव पेठेत फार्सी वाचली गेली ती मराठी इतिहासासाठी. फार्सीतले शब्द तर आपण दिवसभर वापरत असतो. शहर, बाजार, दुकान, दरवाजा, रस्ता. ‘रोजचे’ दूध आणि रमजानचा ‘रोजा’ हेही एकाच शब्दाचे. फार्सीत ‘रोज’ म्हणजे दिवस.

पेरुगेटावरून टिळक रस्त्याला लागले की एस. पी. कॉलेजच्या बाजूने पूर्वेकडे वळायचे. १९१६ साली न्यू पूना कॉलेज म्हणून सुरू झालेल्या या कॉलेजात मुले सायकलवर येत, तेव्हा पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. कामगार, कारकून, प्राध्यापक, भाजीवाले सगळे एकाच उंचीच्या आसनावर बसत. पुढे स्कूटर आली. बजाजची चेतक १९७२ ची. त्यानंतर मोटारसायकली आल्या आणि मग घरटी दोन-दोन गाड्या झाल्या. आज पेठेत पहाटे सायकलवर दिसतो तो एक तर हेल्मेट घातलेला हौशी, नाही तर पेपर-दूध टाकणारा किंवा रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन. पहिल्याला सायकलची आवड आहे, दुसऱ्याला गरज. दोघांच्या मधला, सायकल सहज वापरणारा माणूस नाहीसा झाला आहे.

पाण्याची किंमत

हिराबागेपासून टिळक रस्ता सोडून शुक्रवार पेठेत शिरावे. स्वारगेटचा जेधे चौक टाळलेला बरा. इथून शिवाजी रस्ता ओलांडला की घोरपडे पेठ आणि तिला लागून गंज पेठ. ‘गंज’ हाही फार्सी शब्द, अर्थ कोठार किंवा धान्याचा बाजार.

या भागात जाताना जुन्या पुण्याचे पाणी आठवते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात आणले आणि पेठांमधल्या हौदांत सोडले. काळा हौद, बदामी हौद ही त्यांतली नावे. पण हौद असला म्हणजे पाणी सगळ्यांना मिळत होते असे नाही. पाण्याला जात होती. गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. फुलेवाड्यापाशी पहाटे सायकल टेकवून रोजेदार उभा राहिला, तर हौदाची ही गोष्ट त्याला पुस्तकातल्यापेक्षा वेगळी समजते. त्याची तहान त्याने स्वतःहून स्वीकारलेली आहे आणि ती केव्हा संपणार याचे मिनिटही छापील वेळापत्रकात लिहिलेले आहे. समोर पाणी दिसत असून ओंजळ पुढे करता न येणाऱ्यांच्या तहानेला असे वेळापत्रक नव्हते.

याच कुटुंबाच्या कथेत उस्मान शेख आणि फातिमा शेख येतात. मुलींच्या शाळेपायी जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे सांगितले जाते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. आपण आजारपणामुळे माहेरी असताना कामाचा भार फातिमावर पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. पत्रातला उल्लेख एवढासाच आहे, पण जिच्यावर काम टाकून निश्चिंत राहता येते अशा सहकारी स्त्रीचा तो आहे.

फुलेवाड्यापासून मोमीनपुरा हाकेच्या अंतरावर. पहाटे तो झोपायला निघालेला असतो. रात्रभर कढया तापलेल्या असतात. सहेरीला नान, खिचडा, चहा असतो. आता फळ्या आवरून रस्ता धुतला जातो. संध्याकाळी हाच रस्ता ओळखू येत नाही. भजी, समोसे, कबाब, मालपुवे, फालुदा, चिरलेल्या कलिंगडाच्या फोडी, गुलाबी सरबताचे पेले आणि त्यांच्यामधून वाट काढणारी अर्ध्या पुण्याची माणसे. खाणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. सदाशिव पेठेतली कॉलेजची मुले इथे संध्याकाळी येतात, तेव्हा गाडी लावायला अर्धा तास जागा शोधतात. सायकलवर मात्र पेरुगेट ते मोमीनपुरा पंधरा मिनिटांचे. इतक्या जवळ राहून एकमेकांच्या गल्ल्या वर्षातून एकदाच, तेही खाण्यापुरत्या पाहणारे लोक पुण्यात पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंना.

लक्ष्मी रस्त्यावर

तिथून उत्तरेला जाऊन लक्ष्मी रस्ता गाठायचा आणि पश्चिमेकडे निघायचे. सोन्या मारुती चौक, सिटी पोस्ट, बेलबाग चौक. बेलबागेपाशी उजवीकडे वळून दगडूशेठ गणपतीच्या दिशेने पाहिले, तर पुढेच भिडे वाड्याची जागा. १८४८ साली फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. मोडकळीला आलेला वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला, स्मारक उभारण्यासाठी.

सकाळी सातला लक्ष्मी रस्ता रुंद वाटतो. दुकानांची शटर खाली असतात आणि रस्त्याची खरी रुंदी दिसते. हाच रस्ता ईदच्या आठवड्यात माणसांनी भरतो. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ मार्चला. एकाच दुकानात एक कुटुंब पाडव्याची साडी बघत होते आणि दुसरे ईदचा ड्रेस. दोन्ही पंचांगांचे महिने अमावास्येच्या आगेमागे बदलतात, म्हणून असा योग येतो. हिंदू पंचांगात अधिक महिना घालून सण ऋतूला बांधून ठेवतात आणि इस्लामी पंचांगात ती सोय नाही, म्हणून तो पुन्हा सुटतो.

लक्ष्मी रस्ता संपला की अलका चौक, तिथून टिळक रस्ता आणि पुन्हा पेरुगेट. फेरा पूर्ण. अंघोळ करून कामाला जायला वेळ उरतो.

रस्त्याचा हक्क

फेरा सोपा आहे, पण तो सकाळी सातच्या आत सोपा आहे. दहा वाजता हाच फेरा एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला एकटीला करू द्यायला तिचे आईवडील तयार होणार नाहीत. खरा प्रश्न इथे आहे. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१७ च्या डिसेंबरात शहराच्या सर्वंकष सायकल आराखड्याला मंजुरी दिली. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकलीही आल्या आणि काही काळाने दिसेनाशा झाल्या. शहरात जिथे सायकल मार्ग आखले गेले, तिथे बऱ्याच ठिकाणी आज मोटारी उभ्या असतात, हातगाड्या असतात, नाही तर मार्ग मधेच खांबापाशी संपतो.

पैगंबरसाहेबांच्या शिकवणीत रस्त्याच्या हक्काची गोष्ट येते. लोक रस्त्याच्या कडेला बसत असत. बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या, असे त्यांना सांगण्यात आले. नजर खाली ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास देऊ नका, सलामाला उत्तर द्या, भल्या गोष्टी सांगा, असा त्या हक्काचा आशय. वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हेही दान आहे, असे दुसऱ्या एका शिकवणीत सांगितले आहे. मशिदीत दर रमजानला ही वचने ऐकू येतात. बाहेर आल्यावर त्यांचा अर्थ कुठे लावायचा, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

अर्थ लावायला सोपी जागा म्हणजे इफ्तारच्या आधीची वीस मिनिटे. सूर्य मावळला की रोजा सोडायला उशीर करू नये, ही शिकवण खरी. पण तिचा आधार घेऊन उलट्या दिशेने गाडी घालणे, सिग्नल तोडणे, फुटपाथवरून हॉर्न वाजवत जाणे हे तिच्यात बसत नाही. रोजा सोडायला घरचे टेबल लागत नाही. खिशात एक खजूर आणि जवळ पाण्याची बाटली असली की पुरते. अजान पेरुगेटाच्या चौकात झाली तर तिथेच कडेला थांबून रोजा सोडता येतो. बाटली नसेल तर कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे पाणी मागावे. रमजानात त्या वेळी पाणी मागणाऱ्याला नाही म्हणणारा चहावाला सदाशिव पेठेतही विरळाच.

तोच न्याय खाण्याच्या बाजाराला लागू होतो. मोमीनपुऱ्याच्या गल्लीत संध्याकाळी रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची गाडी जाईल इतकी वाट मोकळी राहिली पाहिजे. गिऱ्हाइकांच्या गाड्या लांब लावायला सांगण्यासाठी गल्लीतलीच चार पोरे उभी केली तरी खूप फरक पडेल. उत्सवाच्या मांडवांबद्दल, लग्नाच्या वरातींबद्दल, लक्ष्मी रस्त्यावर दुहेरी रांगेत मोटार लावून खरेदीला जाणाऱ्यांबद्दलही हेच म्हणता येईल. पण रमजानच्या पानावर सुरुवात रमजानपासूनच व्हावी. रस्ता अडवणाऱ्याचा धर्म पाहून त्रास कमी-जास्त होत नाही. त्रास होतो तो सर्वांत सावकाश चालणाऱ्याला. पायी जाणारे म्हातारे, कडेवर मूल असलेली बाई, सायकलवरचे पोर.

जिन्याखालची सायकल

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही जुन्या इमारतीचा जिना उतरावा. खाली दोन-तीन सायकली गंजत उभ्या दिसतात. मुले मोठी झाली, परदेशी गेली, सायकली राहिल्या. टायर बसलेले, साखळी कोरडी, आसनावर धुळीचा थर. कोंढव्यातल्या, कॅम्पातल्या इमारतींतही हेच चित्र असते. दुसरीकडे शाळा घरापासून तीन-चार किलोमीटर लांब असलेली, बसच्या पासाचे पैसे मोजून देणारी मुले याच शहरात आहेत.

रमजान हा दानाचा महिना. ज्याची बचत ठरावीक मर्यादेच्या वर आहे त्याने वर्षाकाठी अडीच टक्के जकात द्यायची असते. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फितरा द्यायचा असतो. या दोन्हींपलीकडे ऐच्छिक दान, म्हणजे सदका. त्याला मर्यादा नाही आणि तो कुठल्याही धर्माच्या माणसाला देता येतो. बहुतेक दान रोख रकमेने किंवा शिध्याच्या पिशवीने होते आणि ते आवश्यकच आहे. पण जिन्याखालची सायकल दुरुस्त करून एखाद्या मुलीला देणे हाही सदका होतो. जकातीतून नवी सायकल द्यायची असेल, तर एक नियम लक्षात ठेवावा. जकात हक्कदाराच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणजे सायकल वापरायला देऊन परत मागायची नाही. ती तिचीच.

नवे टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, साखळीला तेल, घंटी आणि मागे लाल परावर्तक. एवढे पेठेतला कुठलाही सायकल दुरुस्तीवाला एका दिवसात करून देतो. ईदच्या आठवड्यात त्यालाही गर्दी असते, तेव्हा पहिल्या पंधरवड्यातच सायकल त्याच्याकडे नेऊन टाकलेली बरी.